पाळीच्या कळा आणि श्वासाची लय

शेवटच्या तासाला ओटीपोटावर दप्तर घट्ट धरून, बाकावर डोके टेकलेली मुलगी मुंबईतल्या बहुतेक शाळांत दिसते. घरी गेल्यावर ‘लग्न झालं की थांबेल’ एवढेच तिच्या कानी पडते. मला हे उत्तर अन्यायकारक वाटते, कारण त्या कळांमागे मोजता येणारे रसायन आहे.

पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी उतरते आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळतो, त्याचा रक्तपुरवठा काही क्षण अडतो आणि कळ उठते. हीच द्रव्ये आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून त्या दिवसांत मळमळ किंवा जुलाब होतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मितीच कमी करतात.

व्यायामाचे काय? वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019 मधील आढाव्यात 12 चाचण्या आणि 854 स्त्रियांची माहिती तपासली गेली. आठवड्यातून किमान तीनदा, 45 ते 60 मिनिटे व्यायाम करणाऱ्यांची वेदना, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, 100 गुणांच्या पट्टीवर सुमारे 25 गुणांनी कमी भरली. योगासने आणि स्नायू ताणण्याचे व्यायामही यात होते. पुरावा मात्र अभ्यासकांनीच कमी खात्रीचा ठरवला आहे, हे मुलींना स्पष्ट सांगायला हवे.

दुखणे येणार या धास्तीने पोट आक्रसते, श्वास उथळ होतो आणि वेदना अधिकच जाणवते. मार्जारासनात हात-गुडघे टेकून, श्वास सोडताना पाठ वर उचलावी आणि घेताना हलकेच खाली सोडावी. सोडण्याचा श्वास घेण्याच्या श्वासापेक्षा लांब ठेवला की काही आवर्तनांत जबडा आणि खांदे सैल पडू लागतात. दहा बाय दहाच्या खोलीतही कपाट आणि पलंग यांच्यामधल्या सतरंजीवर हे जमते. मात्र ऐन कळांच्या दिवशी सुरुवात करण्यापेक्षा महिनाभर सवय ठेवणे अधिक उपयोगाचे, आणि त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहावेसे वाटले तर खुशाल राहावे.

गोळी घेऊनही दुखणे आवरत नसेल, शाळा बुडत असेल, रक्तस्राव फार होत असेल किंवा पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारखे आवरण गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) कारण असू शकते. अशा वेळी आईने मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि तारखा, दुखण्याचे दहापैकी गुण व घेतलेल्या गोळ्या लिहिलेली वही सोबत ठेवावी.