पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवताय? फॉर्म १८ नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

दर वेळी मतदानाच्या दिवशी तोच प्रकार, चांगले शिकलेले लोक केंद्रावर येतात, ओळखपत्र हातात, आणि यादीत नावच नाही. "अहो मागच्या वेळी मी इथेच मतदान केलंय" म्हणून वाद घालतात आणि परत जातात. मी गेल्या दोन नोंदणी मोहिमांत आमच्या तालुक्यात लोकांना फॉर्म भरायला मदत केलीय आणि परत आलेले अर्ज बघितलेत, तेच तेच चार-पाच घोळ असतात, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडक्यात, कारण अनेकांना हे कशाचं मतदान तेच माहीत नसतं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा, त्यातल्या ७ पदवीधरांनी निवडून द्यायच्या: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर. अजून ७ शिक्षकांच्या. आमदारकी ६ वर्षांची. पुणे, औरंगाबाद, नागपूर पदवीधरचं मतदान १ डिसेंबर २०२० ला झालं, नाशिक-अमरावतीचं ३० जानेवारी २०२३ ला, मुंबई-कोकणचं २६ जून २०२४ ला. म्हणजे सगळीकडे एकदम नसतं, आपल्या विभागाचं कधी ते आपणच लक्षात ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी यादी चालत नाही. विधानसभेच्या यादीत एकदा नाव आलं की राहतं, इथे प्रत्येक निवडणुकीआधी यादी कोरी करून नव्याने बनवतात. तुम्ही मागच्या वेळी नोंदवलं असेल, त्याआधीही नोंदवलं असेल, तरी परत फॉर्म १८, म्हणजे या यादीत नाव घालायचा अर्ज, भरायचाच. मला हे कधीच पटलं नाही, माणसाची डिग्री तर कुठे जात नाही, पत्ता बदलला असेल तेवढा तपासा ना, पण नियम असा आहे आणि तो लोकांपर्यंत नीट पोचवायचं काम कुणी मनावर घेत नाही. एखादी जाहीर नोटीस पेपरात येते, तीही अशा भाषेत की शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावी लागते. आणि मतदार ओळखपत्र असणं म्हणजे या यादीत नाव असणं नाही, हे आईवडिलांना, शेजाऱ्यांना सगळ्यांना सांगा.

दुसरा घोळ १ नोव्हेंबरचा. नोटिशीत "१ नोव्हेंबर अर्हता दिनांक" असं असतं आणि लोक समजतात ती फॉर्म द्यायची शेवटची तारीख. नाही! त्या तारखेला तुम्हाला पदवीधर होऊन किमान ३ वर्षं झालेली पाहिजेत, एवढाच तिचा अर्थ. फॉर्म द्यायची पहिली मुदत साधारण ६-७ नोव्हेंबरपर्यंत असते, नोटीस ऑक्टोबर लागता लागता निघते, म्हणजे मधे एक महिना, त्यात दसरा दिवाळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कच्ची यादी लागते, मग डिसेंबरच्या ९-१० तारखेपर्यंत दावे-हरकती, ३० डिसेंबरला पक्की यादी. पहिली मुदत हुकली म्हणून हात टेकून बसू नका, दावे-हरकतीच्या काळातही फॉर्म १८ घेतात आणि पक्की यादी लागल्यावरही पुरवणी यादीत नाव घालता येतं. पण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की संपलं, मग कुणाचीही ओळख लावा, कायद्यानेच नाव घालता येत नाही.

ती ३ वर्षं कुठून मोजायची? विद्यापीठाने निकाल जाहीर केला त्या दिवसापासून. पदवीदान समारंभाची तारीख नाही, सर्टिफिकेट हातात आलं ती तारीख नाही, आणि परीक्षा दिली ती तर नाहीच. २०२३ ला मुंबई-कोकणच्या नोंदणीत हे फार अडलं असणार, कारण कोविडमुळे २०२० च्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षाच ऑक्टोबरात झाल्या. ज्याचा निकाल ऑक्टोबरात लागला तो ३ वर्षांच्या अटीत बसला, ज्याचा नोव्हेंबरात लागला तो थोड्या दिवसांसाठी हुकला. एटीकेटीवाल्यांनी तर जास्त सांभाळा, शेवटचा राहिलेला विषय सुटून निकाल लागला तेव्हा तुम्ही पदवीधर झालात, बॅचचे मित्र पास झाले तेव्हा नाही.

पदवी भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते. मतदारसंघ ठरतो तुम्ही राहता कुठे त्यावरून, शिकलात कुठे त्यावरून नाही. नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम. कोल्हापुरात राहत असेल तर त्याने पुणे पदवीधरमध्ये फॉर्म द्यायचा, कारण पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर मिळून तो एक मतदारसंघ आहे. परदेशातली पदवी किंवा नुसता डिप्लोमा असेल तर तो सरकारच्या समकक्ष पात्रतेच्या यादीत आहे का ते आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा ठरलेला.

कागदपत्रांत फोटो, राहण्याचा पुरावा, ओळखपत्र हे सगळं घरात असतंच. अडतं ते डिग्रीवर. पदवी प्रमाणपत्र नसेल तरी घाबरू नका, खूप जणांनी विद्यापीठातून ते कधी आणलेलंच नसतं, शेवटच्या वर्षाची मार्कलिस्ट चालते, पण तिच्यावर पास झाल्याचं स्पष्ट पाहिजे. नुसत्या सहाव्या सेमिस्टरची लावली आणि तिच्यावर एकूण निकालच नाही, असे अर्ज परत येतात. झेरॉक्सवर स्वतःची सही करून भागत नाही, राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीची साक्षांकित प्रत लागते, नाहीतर मूळ कागद घेऊन स्वतः जायचं आणि नेमलेल्या अधिकाऱ्याकडून तिथेच पडताळून घ्यायचं. मला विचाराल तर मूळ घेऊन जाणं सगळ्यात सोपं, लॅमिनेट केलेलं असलं तरी तेच न्या.

आता बायकांचा प्रश्न, आणि याचा मला खरंच राग येतो. डिग्री माहेरच्या नावाची, बाकी सगळे कागद सासरच्या नावाचे. नावबदलाचा पुरावा मागतात, विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कितीतरी जणींकडे दोन्ही नाही. आमच्याकडे एक ताई, एम.ए. झालेल्या, तीन वेळा फेऱ्या मारून शेवटी म्हणाल्या जाऊ दे. असं करू नका. दोन्ही नावं असलेला जो काही सरकारी कागद असेल तो शोधा आणि आधीच विचारा की हे चालेल का, प्रतिज्ञापत्र चालेल का, आणि विवाह नोंदणी राहिली असेल तर ती आत्ताच करून घ्या. ऑक्टोबरात धावपळ करून ती वेळेत हातात येत नाही.

फॉर्म तहसील किंवा प्रांत ऑफिसात मिळतो, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर पण असतो. नोंदणी अधिकारी विभागीय आयुक्त असतात, पण तुम्हाला तिथवर जायची गरज नाही.

एक कळकळीने सांगतो, फॉर्म पक्षाच्या किंवा इच्छुक उमेदवाराच्या कार्यकर्त्याकडे देऊन मोकळे होऊ नका. गठ्ठ्याने आणलेले अर्ज घ्यायचेच नाहीत असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. घरातल्या एकाने त्याच पत्त्यावरच्या सगळ्यांचे नेले तर चालतात, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवले तरी चालतात. बाकी कुणाच्या बॅगेत तुमचा फॉर्म राहिला तर तुम्हाला कळणार पण नाही. स्वतः द्या आणि फॉर्मच्या खालची पोचपावती फाडून सही-शिक्क्यासह घ्या, मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. मग कच्ची यादी लागल्यावर नाव बघा, पोचपावती असेल तर दाव्याच्या काळात भांडता येतं, नसेल तर समोरचा सरळ म्हणतो अर्ज आलाच नाही.

शिक्षक मतदारसंघाचा फॉर्म १९ वेगळा. माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या ६ वर्षांत मिळून ३ वर्षं शिकवलेलं लागतं, प्राथमिकवाले त्यात येत नाहीत. दोन्हीत बसत असाल तर दोन्ही भरा, एक भरला की दुसरा आपोआप होत नाही. बेळगावचे मित्र विचारतात, त्यांच्यासाठी कर्नाटक विधान परिषदेचा वायव्य पदवीधर मतदारसंघ आहे, नोंदणी तिकडेच. गोव्यात विधान परिषदच नाही, त्यामुळे तिथल्यांना हे मतदान नाही.

आणि एवढं सगळं करून नाव आलं तर केंद्रावर मत वाया घालवू नका. इथे मशीन नसतं, मतपत्रिका असते, तिच्यावर पसंतीचे आकडे लिहायचे, तिथे ठेवलेल्या जांभळ्या स्केचपेननेच, आपल्या खिशातल्या पेनने नाही. १ लिहिणं सक्तीचं, पुढचे आकडे तुमच्या इच्छेवर. बरोबरची खूण, सही किंवा अक्षरात "एक" लिहिलं की मत बाद.