वैयक्तिक संकेतस्थळासाठी स्वतंत्र पुरस्कार : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

बडोद्यात मराठी घरांमधून चालणारी संकेतस्थळं कमी नाहीत. कुणी सयाजीरावांच्या काळातल्या वाचनालयांवर लिहितं, कुणी दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे फोटो टाकतं, कुणी आजीच्या वहीतल्या पाककृती टाइप करून ठेवतं. मग कधीतरी घरातलं कुणी म्हणतं, 'बाबा, ॲवॉर्डला पाठवा की हे!' जरूर पाठवा. पण अर्ज भरणं त्यात किरकोळ आहे. तो कुठे पाठवायचा हे ठरवण्यातच खरं डोकं लागतं.

स्वतंत्र पुरस्कार म्हणजे सरकारी नव्हे. त्यामागे कुठलाही जीआर नसतो, नियम आयोजकाचे. ही प्रथा जवळजवळ वेबइतकीच जुनी आहे. १९९४ मध्ये 'कूल साइट ऑफ द डे' सुरू झालं आणि रोज एका संकेतस्थळाचं नाव झळकू लागलं. पाठोपाठ हौशी मंडळींनी आपापले पुरस्कार काढले: अर्ज करा, निवड झाली की एक छोटं चित्र मिळेल, ते पहिल्या पानावर लावा आणि त्यावर आमची लिंक द्या. त्या लिंकमुळे पुरस्कार देणाऱ्याकडेच वाचक जायचे, हे सांगायला नको. १९९६ मध्ये आलेला वेबी पुरस्कार मात्र टिकला. तिथे प्रत्येक वर्गात दोन विजेते असतात, एक परीक्षकांचा आणि एक लोकांच्या मतांचा. आभाराचं भाषण पाच शब्दांत उरकावं लागतं. (आपल्याकडच्या सत्कार समारंभांना हा नियम लावून बघायला हवा.)

अर्जाआधी गुणांकन वाचा. बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत. उदाहरणार्थ 'ऑवर्ड्स' (Awwwards) हे संकेतस्थळांच्या डिझाइनला पुरस्कार देणारं नावाजलेलं व्यासपीठ घ्या. तिथे रचनेला ४० टक्के, वापरण्याच्या सोयीला ३०, कल्पकतेला २० आणि मजकुराला १० टक्के वजन आहे. म्हणजे ग्रंथालय चळवळीवर तुम्ही दुसऱ्या कुणाकडे नसलेली माहिती जमवली असेल, तरी त्या माहितीचे शंभरातले जास्तीत जास्त दहाच गुण. हा अन्याय नाही, ती स्पर्धाच डिझाइनची आहे. साध्या पांढऱ्या पानावर उत्तम मजकूर देणाऱ्याने तिकडे शुल्क भरू नये, एवढंच. मजकुराला वजन देणारी आणि वैयक्तिक संकेतस्थळांचा वेगळा वर्ग ठेवणारी स्पर्धा शोधावी.

पात्रतेच्या अटी थोड्याफार फरकाने सगळीकडे सारख्याच असतात. संकेतस्थळ एका व्यक्तीचं असावं, दुकानाचं किंवा क्लासचं नसावं. पाककृतींच्या पानाखाली 'ऑर्डर घेतल्या जातील' लिहून फोन नंबर दिलात, तर तुमचा वर्ग बदलू शकतो. 'काम चालू आहे' अशी पाटी लावलेली रिकामी पानं आणि तुटलेल्या लिंका चालत नाहीत. अर्जदार अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती लागते, परीक्षकांचे नातेवाईक सहसा बाद. फुकटच्या पत्त्यावरचा ब्लॉग चालतो की स्वतःचं डोमेन (म्हणजे स्वतःच्या नावावर नोंदवलेला वेबपत्ता) हवं, हे त्या त्या नियमावलीत बघा.

आता कागदपत्रं. पहिलं म्हणजे डोमेन तुमच्या नावावर असल्याचा पुरावा, नोंदणीची किंवा नूतनीकरणाची पावती. इथेच बऱ्याच जणांची पंचाईत होते. संकेतस्थळ भाच्याने करून दिलेलं असतं, डोमेन त्याच्या ईमेलवर असतं आणि भाचा गेलेला असतो कॅनडाला. अर्जाआधी खातं आपल्या नावावर करून घ्या, पुरस्कार मिळो न मिळो.

दुसरं, परवानग्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनावरचा किंवा चित्रावरचा हक्क लेखकाच्या, चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला. पण महाराजा फत्तेसिंह संग्रहालयातल्या एखाद्या चित्राचा छापील पुस्तकातला फोटो स्कॅन करून लावणं वेगळं, तिथे त्या पुस्तकाच्या प्रकाशकाला विचारलेलं बरं. सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथालयांच्या कामासाठी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, त्या काळातला एखादा फोटो कुणाच्या घरच्या अल्बममधून मिळाला असेल, तर त्या घरातून दोन ओळींचं पत्र घ्या: कोणता फोटो, कुठे वापरणार, नाव द्यायचं का, सही आणि तारीख. पत्र गुजरातीत असलं तरी चालतं, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे परवानगी नव्हे.

फॉन्टचंही तसंच. तो वेबवर वापरायचा परवाना हवा. नोटो किंवा मुक्त हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, तिथे प्रश्नच येत नाही. जुनी पानं युनिकोडआधीच्या (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी अक्षरं दाखवणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर परीक्षकाच्या संगणकावर 'नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. ती पानं आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंदही करा, म्हणजे अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी इंग्रजी उच्चारांत वाचत सुटणार नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फिक्या केशरीवर पांढरी अक्षरं इथेच नापास होतात. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसतो का, हे गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येतं.

ओळखपत्र बहुधा रोख बक्षीस असेल तरच मागतात. आधार द्यायचंच झालं तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

प्रत्यक्ष अर्ज ऑनलाइनच असतो: नाव, ईमेल, पत्ता, वर्ग आणि वर्णन. वेळ द्यायचा तो वर्णनाच्या चौकटीला. 'माझ्या संकेतस्थळावर विविध विषयांवरील माहितीपूर्ण लेख आहेत' याने परीक्षकाला काहीच कळत नाही. 'बडोदे संस्थानातल्या गावोगावच्या वाचनालयांची माहिती, जुन्या फोटोंसह' असं लिहिलं की तो पान उघडून बघतो. परीक्षकाला मराठी येत नसेल हे धरून इंग्रजी ओळखीचं एक पान संकेतस्थळावर ठेवा आणि अर्जात त्याचीच लिंक द्या.

शुल्क परदेशी चलनात असेल, तर बँकेच्या ॲपमधून कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात. चलन बदलाचं बँकेचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. वेबीसारख्या ठिकाणी मुदत जवळ येते तसं शुल्क वाढतं, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

अर्जच केला नसताना 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे, मानचिन्हासाठी अमुक रक्कम भरा' अशी मेल आली, तर सरळ डिलीट करा. खऱ्या स्पर्धाही शुल्क घेतात, पण ते प्रवेशासाठी आणि आधी. शंका आली तर मागच्या विजेत्यांची यादी उघडा. तिथली संकेतस्थळं खरंच चालू आहेत का आणि त्यांनी हा पुरस्कार आपल्या पानावर लावला आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे.

निवड झालीच, तर मिळालेलं मानचिन्ह आपल्याच सर्व्हरवर चित्र म्हणून ठेवा आणि खाली वर्ष लिहा. आयोजकांनी चित्राऐवजी कोडचा तुकडा पाठवला, तर तो तसाच चिकटवू नका. तो वाचकांची माहिती कुठे पाठवतो हे जाणकाराकडून तपासून घ्या, किंवा नुसतं चित्र मागा.