ओकारीवरून नाव पडलेले विष: गहू-मक्यातील डीऑक्सिनिव्हॅलेनॉल

गहू फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला की फ्युझेरियम ग्रॅमिनिएरम ही बुरशी ओंबीत शिरते, दाणा खडूसारखा पांढरा किंवा गुलाबी पडून सुरकुततो, आणि पुढे बुरशी मेली तरी तिचे विष दाण्यातच राहते. 1928 मध्ये अमेरिकेतून जर्मनीला गेलेल्या रोगट जवामुळे डुकरे आजारी पडली, तेव्हा या विषाला नावही नव्हते.

पुढे मिळाली ती दोन. 1970 च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये ते जवातून वेगळे झाले आणि रासायनिक रचनेवरून डीऑक्सिनिव्हॅलेनॉल ठरले; 1973 मध्ये अमेरिकेत मक्यातून तेच रसायन हाती लागले आणि डुकरांना होणाऱ्या ओकारीवरून व्होमिटॉक्सिन म्हटले गेले. सोपे म्हणून दुसरे नाव रुळले, पण ते फसवे आहे. ओकारी होते ती मोठ्या मात्रेने; पशुपालकाचे नुकसान त्याच्या बरेच आधी, किलोभर खाद्यात 1-2 मिलिग्रॅम विष असतानाच, डुक्कर खाद्याकडे पाठ फिरवते आणि वजन खुंटते तेव्हा सुरू होते. पेशींतील प्रथिननिर्मिती रोखणाऱ्या या विषाचा बराचसा भाग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू निष्प्रभ करतात, म्हणून गायीला ते तितके बाधत नाही.

1993 च्या ओल्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मिनेसोटा व डाकोटा भागातील गहू-जव मोठ्या प्रमाणावर रोगट झाले. त्याच वर्षी अमेरिकी नियामकांनी दळणासाठी जाणाऱ्या कच्च्या गव्हावरची 1982 पासूनची किलोमागे 2 मिलिग्रॅमची सूचक मर्यादा काढून केवळ तयार पदार्थांवर 1 मिलिग्रॅमची ठेवली. पशुखाद्यातील 4 ची मर्यादा मात्र वाढवून कोंबड्या व चार महिन्यांवरील गुरांच्या धान्याला 10, तर डुकरांच्या धान्याला 5 केली. हे धान्य डुकरांच्या खाद्यात एक पंचमांशाहून अधिक नसावे, अशी अट होती. हिशेब बरोबर आहे, कारण 5 चा पाचवा भाग 1 होतो, म्हणजे पूर्ण खाद्यात किलोमागे 1 मिलिग्रॅमच विष येते. पण विष दाण्यादाण्यात सारखे नसते आणि मिश्रणही सारखे होत नाही, त्यामुळे जोखीम गिरणीकडून गोठ्याकडे सरकली, असेच म्हणावे लागते.

पुढे मक्यापासून इथेनॉल काढण्याचे प्रमाण वाढले. स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या चोथ्यात विष सुमारे तिपटीने साठते, आणि हाच चोथा आता पशुखाद्यात सर्रास मिसळला जातो.