आमच्या भाज्यांच्या पावडरी: वापरण्याआधी एवढं वाचा

लसूण, टोमॅटो, गाजर किंवा ब्रोकोलीची पावडर घेताना ग्राहक हमखास विचारतात, ‘ही कशावर चालते?’ ही औषधं नाहीत, तेव्हा कशावरच नाही. मात्र भाज्यांमध्ये जीवनसत्त्वं आणि खनिजांखेरीज असे कितीतरी पदार्थ असतात, जे मिळाले नाहीत म्हणून आजार होत नाही, पण मिळाले तर शरीराच्या कामकाजावर त्यांचा परिणाम होतो. त्यांना जैवसक्रिय घटक म्हणतात. बरेचसे झाडाने कीड आणि ऊन यांपासून स्वतःच्या बचावासाठी बनवलेले असतात. आपल्याला ते किती मिळतात, हे पुष्कळसं स्वयंपाकघरात ठरतं.

लसूणच घ्या. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यात अलिइन हा पदार्थ आणि त्याच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि अलिसिन तयार होतं. तो उग्र वास त्याचाच. उष्णतेने हे विकर निकामी होतं, म्हणून ठेचलेला लसूण 10 मिनिटं तसाच ठेवावा, मग शिजवावा. आमची पावडर कमी तापमानाला वाळवलेली असल्याने विकर बऱ्यापैकी टिकून राहतं, पण पाण्याशिवाय ते कामाला लागत नाही. थेट कडकडीत तेलात टाकलीत तर चव येईल, अलिसिन नाही. आधी चमचाभर थंड पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा.

ब्रोकोलीतला जैवसक्रिय घटक, सल्फोराफेन, हाही असाच विकरामुळे तयार होतो. आम्ही ब्रोकोली वाळवण्याआधी वाफवतो, म्हणजे तिचं विकर गेलेलं असतं. तसलंच विकर मोहरीत असतं. पदार्थ वाढताना चिमूटभर कच्ची मोहरीची पूड भुरभुरा.

टोमॅटोचं मात्र उलट आहे. त्यातलं लाल लायकोपिन शिजवल्यावर पेशींतून मोकळं होतं आणि तेलाबरोबर जास्त शोषलं जातं.

‘मग दुप्पट घेतली तर?’ नको. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन हा गाजरातला रंगद्रव्य घटक. त्याच्या रोज 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या ज्यांना दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी जास्त निघालं. निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. हा इशारा गोळ्यांसाठी आहे, ताटातल्या गाजरासाठी नव्हे. आम्ही अर्काच्या गोळ्या विकत नाही, त्याचं हेही एक कारण.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर लसूण आणि ब्रोकोलीची पावडर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. ब्रोकोलीत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि काही गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो.

बरण्या घट्ट झाकणाच्या आणि अंधारात ठेवा. उजेड आणि हवेने कॅरोटीन नष्ट होतं, गाजराची पावडर फिकट पडते. म्हणूनच आम्ही मोठी पाकिटं बनवत नाही.