हातचा कुठे ठेवलाय?

मागच्या पावसाळ्यात ऐरोलीला आमच्याकडे ऐन संध्याकाळी लाइट गेली आणि टेबलाखालचा यूपीएस ओरडायला लागला. भाची डेस्कटॉपवर, व्हर्च्युअलबॉक्स या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम शिकत बसली होती. मी यूपीएसकडे बघितलं तर म्हणाली, "मामा, काळजी करू नका, पॉज केलंय मी." दहा मिनिटांत बॅटरी संपली. लाइट आल्यावर व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत त्या आतल्या मशीनच्या नावाखाली 'अबॉर्टेड', म्हणजे मध्येच बंद पडलेलं, असं लिहिलेलं होतं आणि तासभर टाइप केलेली, सेव्ह न केलेली स्क्रिप्ट गेली होती.

तिची चूक अगदी स्वाभाविक होती. पॉज म्हटलं की सगळं आहे तिथे जपून राहील असंच वाटतं.

कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायची युक्ती जुनी आहे. आयबीएमने 1972 साली मोठ्या मशीनसाठी व्हीएम/370 आणलं. घरच्या टेबलावर ती आली 1999 मध्ये, व्हीएमवेअरमुळे. पण आतलं मशीन चालू आहे म्हणजे नक्की काय चालू आहे?

शाळेतला मोठा गुणाकार आठवा. काही आकडे वहीत उतरलेले असतात आणि हातचे दोन डोक्यात असतात. या आतल्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची वही म्हणजे त्याची डिस्क, जी आपल्या हार्ड डिस्कवर एक भलीमोठी फाइल असते. हातचा म्हणजे रॅममधला मजकूर, प्रोसेसरच्या रजिस्टरमधले आकडे, नेटवर्क कार्ड नि स्क्रीन त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहेत ते सगळं. पॉज केलं की गुणाकार थांबतो, हातचा मात्र डोक्यातच राहतो. मशीनला 4 जीबी रॅम दिली असेल तर ती अडकलेलीच राहते आणि वीज गेली की पुसली जाते.

व्हर्च्युअलबॉक्सचा 'सेव्ह स्टेट' हा पर्याय हातचा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. रॅम, रजिस्टर, उपकरणांची स्थिती एका फाइलमध्ये उतरते आणि रॅम मोकळी होते. सेकंदाला 100 एमबी लिहिणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला 4 जीबी उतरवायला फार तर चाळीस सेकंद लागतात, एसएसडीला त्याहून बरेच कमी. म्हणजे आमच्या यूपीएसच्या दहा मिनिटांत हे काम सहज उरकलं असतं!

खिडकी बंद करताना व्हर्च्युअलबॉक्स आणखी दोन पर्याय देतं. शटडाउनचा सिग्नल म्हणजे आतल्या मशीनचं पॉवर बटण दाबल्यासारखं. ते आपल्या फाइली नीट मिटून बंद होतं, पण अडकून पडलं असेल तर ऐकतही नाही. पॉवर ऑफ म्हणजे सरळ प्लग उपटणं.

सेव्ह केलेल्या मशीनबाबत एक गोष्ट मात्र जिवापाड सांभाळावी. हातचा आणि वही ही जोडी आहे. मशीन सेव्ह स्टेटमध्ये असताना त्याची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून तिच्यावर काही लिहिलंत, तर परत सुरू झाल्यावर आतल्या लिनक्सच्या डोक्यात जुन्या वहीचा नकाशा असतो. ते बिनधास्त चुकीच्या पानावर लिहीत सुटतं आणि फाइल सिस्टीमची वाट लागते. मला विचाराल तर हे पॉवर ऑफपेक्षा वाईट, कारण बिघाड लगेच दिसत नाही.

बाकी त्रास किरकोळ. जाग आल्यावर आतलं घड्याळ कालचीच वेळ दाखवू शकतं. आतल्या मशीनमध्ये गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचे जोडप्रोग्राम, टाकले असतील तर ते वेळ जुळवून घेतात. दूरच्या सर्व्हरशी जोडलेली कनेक्शनं बहुधा तुटलेली असतात, पलीकडच्याने किती वाट बघायची?

परवा पुन्हा लाइट गेली. यूपीएस ओरडायच्या आत भाचीने खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं आणि पहिला पर्याय निवडला. पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली, यादीत 'सेव्ह्ड' उमटलं, मग तिने डेस्कटॉपही बंद केला आणि मेणबत्ती शोधायला उठली.