दुर्बीण तोंडातून की पोटातून? गॅस्ट्रो फिजिशियन आणि गॅस्ट्रो सर्जन यांतला घोळ

ठाण्यात नौपाड्यात नाहीतर घोडबंदर रोडला चालताना पाट्या वाचत जा, पोटाच्या डॉक्टरची एक तरी पाटी दिसेलच आणि तिच्यावर कुठेतरी गॅस्ट्रो हा शब्द असतोच, पण कोणता गॅस्ट्रो, फिजिशियन की सर्जन, ते आपण बघतच नाही. त्यात आपल्याकडे गॅस्ट्रो म्हणजे पावसाळ्यात पेपरात येते ती जुलाब-उलट्यांची साथ पण, आणि तिला बहुतेक वेळा या दोघांपैकी कुणीच लागत नाही, फॅमिली डॉक्टर आणि ओआरएस बास (अगदी लघवी कमी झाली, गुंगी आली तर मात्र सरळ ॲडमिट).

माझी मावशी कळव्याला राहते. सहा महिने जळजळ, ढेकर, दोन घास खाल्ले की पोट टम्म. शेजारणीने सांगितलं दुर्बीण करून घे, म्हणून आम्ही ठाण्यात एका "दुर्बीण तज्ज्ञां"कडे नंबर लावला, दीड तास बसलो, फी भरली, आणि डॉक्टर (माणूस सरळ होता, उगाच कशाला नाव ठेवू) म्हणाले, "मावशी, मी दुर्बिणीने ऑपरेशन करतो, तुम्हाला हवीये दुर्बिणीची तपासणी, ती दुसरे डॉक्टर करतात."

म्हणजे मराठीत शब्द एकच आणि दुर्बिणी दोन. एंडोस्कोपीची दुर्बीण ही करंगळीएवढी जाड, वाकणारी नळी, ती तोंडातून जठरापर्यंत जाते, कोलोनोस्कोपी असेल तर खालून मोठ्या आतड्यात, कुठेही काप नाही, वरची तपासणी पाच-दहा मिनिटांत आटपते आणि माणूस बहुतेक त्याच दिवशी घरी येतो. लॅप्रोस्कोपीची दुर्बीण पोटाला छोटी भोकं पाडून आत घालतात, त्याला पूर्ण भूल लागते, ते ऑपरेशनच. पहिली चालवतो तो गॅस्ट्रोएन्टरोलॉजिस्ट, ज्याला मेडिकल गॅस्ट्रो किंवा गॅस्ट्रो फिजिशियन म्हणतात: एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, मग तीन वर्षं डीएम. दुसरी चालवतो तो सर्जन, त्यातला गॅस्ट्रो सर्जन म्हणजे एमएस करून पुढे तीन वर्षं एमसीएच केलेला. गॅस्ट्रोतच डीएनबी (नॅशनल बोर्डाची डिग्री, आता तिला डीआरएनबी म्हणतात) केलेल्यांचीही याच तोडीची डिग्री असते, ती कमी समजू नका. काही गॅस्ट्रो सर्जन एंडोस्कोपी पण करतात, त्यात गैर काही नाही. पण एमएसच्या पुढे एफएमएएस किंवा एफआयएजीईएस अशी अक्षरं असली तर ती छोटी फेलोशिप असते, असा डॉक्टर लॅप्रोस्कोपीत तरबेज असू शकतो, पण ती अक्षरं म्हणजे एमसीएच नव्हे.

आधी कुणाकडे जायचं? दुखणं काय आहे तेच माहीत नसेल तर माझ्या मते डीएमकडे. ॲसिडिटी, अल्सर, लिव्हर, कावीळ, आतड्याची सूज, महिनोन्‌महिने जुलाब किंवा बद्धकोष्ठ, हे सगळं त्याचं. हर्निया, अपेंडिक्स याला साधा जनरल सर्जन चालतो, मूळव्याध-भगंदरालाही, एमसीएच शोधत बसायची गरज नाही. एमसीएच लागतो तो स्वादुपिंड, लिव्हर, अन्ननलिका, आतड्याचा कॅन्सर अशा मोठ्या कामाला.

खरी गंमत पित्ताच्या खड्यांची, कारण तिथे दोघंही लागू शकतात आणि लोक तिथेच सगळ्यात जास्त गोंधळतात. खडा पित्ताच्या पिशवीत असेल आणि त्रास देत असेल तर पिशवीच काढतात, ते सर्जनचं काम, बहुतेक वेळा चार भोकांतून होतं (सोनोग्राफीत सहज दिसलेला, कधीच न दुखलेला खडा असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, तेव्हा घाई करणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा). पण तोच खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप, आणि तिथे डीएम ईआरसीपी करतो, म्हणजे तोंडातूनच दुर्बीण घालून, नलिकेचं तोंड उघडून खडा काढतो. पिशवी मात्र जागेवरच राहते, म्हणून नंतर बहुतेकांना सर्जनकडे जावंच लागतं. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना वाटलं खडा निघाला, संपलं, तर चार महिन्यांनी परत तेच. आणि साध्या सोनोग्राफीत नलिकेतला खडा कितीदा दिसतच नाही, म्हणून एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) सांगितली तर लगेच लुटतायत असं म्हणू नका.

डॉक्टर खरा कोण ते बघायचं तर प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा. छोट्या नर्सिंग होममध्ये गॅस्ट्रो आठवड्यातून एखाद-दोन संध्याकाळी व्हिजिटिंग येतो, तर स्कोपी कुठे करतो आणि रात्री काही झालं तर कोण बघणार हे फोनवरच विचारून घ्या. माजिवड्याचं ज्युपिटर, बेलापूरचं अपोलो अशा मोठ्या ठिकाणी दोन्ही एका छताखाली मिळतात, खर्च मात्र तसाच. खिसा बघायचा असेल तर परळचं केईएम, तिथे मेडिकल आणि सर्जिकल दोन्ही गॅस्ट्रोचे विभाग आहेत, फक्त सकाळी लवकर निघायची तयारी ठेवा.

काळी शौच, रक्ताची उलटी, असं असेल तर कोणता गॅस्ट्रो याचा विचारच करू नका, जवळची कॅज्युअल्टी गाठा. छातीत जळजळ आणि सोबत घाम, डावा हात भरून येणं, तेव्हाही तेच, ते हार्टचं असू शकतं. गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, हे एवढं तातडीचं नाही, पण त्याच आठवड्यात दाखवा.

मावशीला शेवटी वाशीला एका डीएमकडे नेलं, ठाण्याहून ट्रेन सरळ आहे. त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली, आणि त्यात गुडघ्यासाठी रोज घेतलेली पेनकिलर निघाली, जी मावशीने आतापर्यंत एकाही डॉक्टरला सांगितली नव्हती कारण "ती पोटाची नाही ना". स्कोपीत जठरात अल्सर दिसला. पेनकिलर बंद, दोन महिने गोळ्या, मग परत एकदा स्कोपी. पोटाला एकही भोक पाडावं लागलं नाही.