जुन्या स्पोर्ट्स कारचा मैलामागचा खर्च : हिशेब कसा मांडावा

आमच्या गॅरेजमध्ये जुनी स्पोर्ट्स कार घेऊन येणारे, आणि त्याहूनही अधिक अशी गाडी घ्यावी की नाही या विचारात असलेले ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात : ही गाडी मैलामागे कितीला पडेल? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर एका आकड्यात देणारा माणूस बहुधा गाडी विकायला बसलेला असतो. एकाच गाडीचा मैलामागचा खर्च दोन मालकांच्या हाती दुपटी-तिपटीने वेगळा निघू शकतो, आणि त्याचे कारण गाडीत नसून ती वर्षाकाठी किती चालते यात असते. हा हिशेब आपला आपल्याला मांडता यावा, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

गाडीचे काही खर्च रस्त्यावर होतात आणि काही कॅलेंडरवर. पेट्रोल, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांचा खर्च गाडी चालेल तसा वाढतो. विमा, कर, गाडी ठेवण्याच्या जागेचे भाडे आणि गाडीत अडकलेल्या पैशावर बुडणारे व्याज मात्र गाडी जागची हलली नाही तरी होतच राहते. समजा, आपल्या चलनात कॅलेंडरचा खर्च वर्षाला ३,००० आहे आणि रस्त्यावरचा खर्च मैलाला अर्धा आहे. वर्षात १,००० मैल चालवल्यास एकूण खर्च ३,५०० होतो, म्हणजे मैलाला साडेतीन. तीच गाडी ३,००० मैल चालवली तर मैलाला दीड पडतो आणि ६,००० मैलांवर बरोबर एक. किलोमीटरमध्ये मोजणाऱ्यांनी मैलामागच्या आकड्याला १.६१ ने भागावे.

या उदाहरणातील अर्ध्या रकमेत पेट्रोलचा वाटा ०.३ धरला, तर १,००० मैल चालवणाऱ्याचे पेट्रोल ३०० चे होते, म्हणजे एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तरीही गाडी पाहायला आलेला ग्राहक पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच विचारतो. रोज वापरायच्या गाडीसाठी तो प्रश्न योग्य आहे. सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायच्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी तो जवळजवळ गैरलागू आहे.

उभ्या गाडीचा खर्च

गाडी कमी चालवली की सर्व्हिसिंग लांबते, हा समज सर्वांत महागात पडतो. गाडी कमी वापरली जाते तेव्हा रस्त्यावरच्या खर्चातील अनेक बाबी गुपचूप कॅलेंडरच्या खात्यात जातात. टायरचे उदाहरण पाहावे. एखादा टायर २०,००० मैल टिकेल असा असला आणि गाडी वर्षाला २,००० मैल चालत असली, तर कागदावर तो दहा वर्षे पुरायला हवा. प्रत्यक्षात रबर त्याआधीच कडक होऊ लागते, बाजूला बारीक भेगा दिसू लागतात आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. सातव्या वर्षी टायर बदलले, तर ते १४,००० मैलच वापरले गेले आणि त्यांचा मैलामागचा खर्च सुमारे ४३ टक्क्यांनी वाढला. टायरचे वय नक्षीवरून कळत नाही. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. जुनी गाडी पाहायला जाताना विक्रेता ‘टायर अगदी नवे आहेत’ असे सांगत असताना खाली वाकून हे चार आकडे वाचावेत.

ब्रेक ऑइलचेही तसेच आहे. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ठराविक पाणी मुरल्यानंतर तो १५५ अंश असला तरी प्रमाणात बसतो. घाटात वारंवार ब्रेक दाबणाऱ्या गाडीसाठी हा फरक फार मोठा आहे. म्हणून गाडी कितीही कमी चाललेली असली तरी आम्ही दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलण्याचा आग्रह धरतो. इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावे. कूलंट, होस पाइप आणि सस्पेन्शनचे बुश यांनाही वयोमर्यादा असते.

गाडी पाच-दहा मिनिटांसाठी सुरू करून पुन्हा ठेवून देणे हे तर उभे ठेवण्यापेक्षाही वाईट. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ते वाफ होऊन बाहेर पडते, नाहीतर सायलेन्सरमध्ये साचून तो आतून गंजवते आणि काही अंशी इंजिन ऑइलमध्येही मिसळते. बॅटरीचा हिशेब तर सरळ आहे : बंद गाडीतील घड्याळ, अलार्म वगैरे मिळून ५० मिलीअँपिअर वीज ओढत असतील, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत निम्मी उतरते.

मोठी कामे आणि त्यांसाठीची तरतूद

जुन्या स्पोर्ट्स कारचा खर्च दरमहा सारखा येत नाही, तो एकदम अंगावर येतो. त्यामुळे ‘गेल्या वर्षी काहीच खर्च आला नाही’ या वाक्याला आम्ही फारशी किंमत देत नाही. पाच वर्षांनी येणाऱ्या ३,००० च्या कामाचे ६०० दरवर्षी खर्ची पडलेलेच असतात, फक्त बिल आलेले नसते.

टायमिंग बेल्टवरून, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडमीट करवणाऱ्या पट्ट्यावरून, हे नीट समजते. पोर्शे ९४४ मध्ये हा पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात, म्हणजे एका पट्ट्याच्या बदल्यात इंजिनाचे हेड उघडावे लागते. फेरारी एफ३५५ मध्ये पट्टा बदलण्यासाठी इंजिन गाडीबाहेर काढावे लागते, तर तिच्यानंतर आलेल्या ३६० मध्ये आसनांच्या मागून तिथवर हात पोहोचतो. याउलट १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये पट्टा इंजिनाच्या पुढच्या बाजूला आहे आणि काम तुलनेने सुटसुटीत आहे. या चारही गाड्यांत बदलायचा भाग रबरी पट्टाच आहे, पण बिलातला मोठा आकडा मजुरीचा असतो. म्हणून गाडी निवडताना एखादा भाग कितीला मिळतो याइतकेच, त्याच्यापर्यंत पोहोचायला किती तास लागतात हेही विचारावे.

मजुरी वाचवण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे एकदा उघडले की शेजारची कामे उरकून घेणे. पोर्शेच्या ९९६ (९११ ची एक पिढी) आणि पहिल्या बॉक्सस्टरमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे इंजिनातील एका फिरत्या दांड्याचे, बेअरिंग निकामी होण्याची तक्रार सर्वज्ञात आहे. त्या बेअरिंगपर्यंत जाण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे क्लच बदलताना त्याचाही निर्णय घ्यावा. अशा वेळी आमचे बिल आपल्या अंदाजापेक्षा वाढते, पण मैलामागचा खर्च उतरतो.

गंज आणि चेसिसला गेलेले तडे यांचा मैलांशी सरळ संबंध जोडता येत नाही. ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये मागच्या सबफ्रेमजवळच्या (मागचे सस्पेन्शन ज्यावर बसते त्या चौकटीजवळच्या) पत्र्याला तडे जातात, हे गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय नीट तपासता येत नाही. ती तपासणी गाडी घेण्याआधी करावी.

किंमत उतरली, पण कशाची?

नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने घसरते. जुन्या गाडीत ती घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते आणि हाच जुन्या स्पोर्ट्स कारचा खरा फायदा आहे. मात्र उतरलेली असते ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची नव्हे. मूळ किमतीच्या चौथ्या हिश्श्यात गाडी मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स चौथ्या हिश्श्यात मिळत नाही. काही मॉडेलांचे भाव पुढे वाढतातही, परंतु गाडी विकून पैसे हाती येईपर्यंत ती वाढ मैलामागच्या खर्चातून वजा करू नये, असे आमचे मत आहे.

गाडी घेतल्यानंतर खर्च कमी करण्यासाठी ती कमी चालवावी का? वरच्या उदाहरणात सरासरी खर्च मैलाला साडेतीन असला, तरी पुढच्या प्रत्येक मैलाला प्रत्यक्षात अर्धाच पडतो. कॅलेंडरचे ३,००० दिल्यानंतर गाडी झाकून ठेवणाऱ्याची बचत त्या अर्ध्याचीच होते. अपवाद फक्त ओडोमीटरचा आकडा लहान असल्यामुळेच भाव टिकून असलेल्या दुर्मीळ गाड्यांचा. त्यांच्या बाबतीत प्रत्येक मैल विक्रीच्या किमतीतून वजा होतो आणि तो खर्च वेगळा धरावा लागतो.

हा हिशेब ठेवण्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक बिलाबरोबर तारीख आणि ओडोमीटरचा आकडा लिहावा, मोठ्या कामांची रक्कम ते काम जितकी वर्षे टिकेल तितक्या वर्षांत विभागावी आणि न झालेल्या पण ठरलेल्या कामांसाठीची तरतूद वेगळ्या रकान्यात दाखवावी. सर्व्हिसिंगला येताना ही वही सोबत आणल्यास, येत्या तीन वर्षांत कोणती कामे निघतील आणि त्यांतली कोणती एकत्र करता येतील, याचा लेखी अंदाज आम्ही तिच्यातच नोंदवून देऊ.